व्याह्यांबरोबर सफाईतिक

‘सफाईतिक’ हा शब्द मी घरात पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा हिला वाटलं मी माळा आवरायचं म्हणतोय. गैरसमज दूर होईपर्यंत माळा आवरून झाला होता.

सफाईतिक ही एक लिपी आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या सीरिया, जॉर्डन आणि सौदी अरेबियाच्या मधल्या वाळवंटात उंट-शेळ्या घेऊन फिरणारे लोक होते. त्यांनी तिथल्या काळ्या दगडांवर हजारोंनी लेख कोरून ठेवलेत. राजा नाही, दानपत्र नाही, विजयाच्या बढाया नाहीत. मी अमक्याचा मुलगा तमका, इथे शेळ्या चारल्या, भावाची आठवण आली, हे लात देवी, सुखरूप ठेव. संपलं. मी तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधन केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर शिलालेखांचा नाद लागला. दगडावरच्या चुका आता कोणी दुरुस्त करायला सांगत नाही, हे त्यातलं सुख. सफाईतिकची अठ्ठावीस अक्षरं मी सदाशिव पेठेतल्या आमच्या गॅलरीत बसून, इंटरनेटवरून, दोन उन्हाळ्यांत शिकलो. प्रत्यक्ष दगड मात्र पाहिला नव्हता.

मुलगा निनाद आणि सून शीतल तीन वर्षं अम्मानला, म्हणजे जॉर्डनच्या राजधानीतच होती. फेब्रुवारीत निनादचा फोन आला.

“बाबा, एप्रिलमध्ये या. तुमचे दगड बघायला जाऊ. आणि आण्णांनाही घेऊन या.”

आण्णा म्हणजे शीतलचे वडील, माझे व्याही. सूस गावचे. गाव आता महापालिकेत आलंय. आण्णा म्हणतात, “आमी कुटं गेलो न्हाई, शहरच चालत आलं.” त्यांच्या ज्वारीच्या रानात आता अकरा मजली इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर ते स्वतः राहतात, कारण लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी एकमेकांशी लग्न ठरवलं आणि आम्हाला कळवलं. तेव्हापासून आम्हा दोघांचं सगळं संभाषण ‘कधी निघालात?’ आणि ‘जेवूनच जा’ या दोन वाक्यांत मावेल. ते मला ‘इवाई’ म्हणतात. मी त्यांना आण्णा म्हणतो.

दोघांच्या बायका येणार नव्हत्या. हिचा गुडघा दुखत होता आणि शीतलच्या आईच्या कुरडया घालायच्या होत्या. मला यात काही वावगं वाटलं नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून मुंबई विमानतळाला टॅक्सीनं चार तास धरा, साडेचार लागतील. आखातात विमान बदलावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, निघण्याआधी तपासा. एका दिनाराला साधारण एकशेवीस रुपये पडतात. पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्टीला एकशेवीसनं गुणाल, दुसऱ्या दिवशी गुणायचं थांबाल, नाहीतर पाणी पिणार नाही. एप्रिल चांगला. दिवसा ऊन सोसवतं, संध्याकाळी स्वेटर लागतो.

आण्णांचा हा पहिलाच विमानप्रवास. खिडकीची जागा त्यांना दिली. सगळा वेळ ते काचेला नाक लावून होते. उतरताना म्हणाले, “वरनं समदी जमीन एकाच मालकाची वाटती.”

अम्मानमध्ये दोन दिवस होतो. शहर टेकड्यांवर आहे, सगळी घरं एकाच पिवळट दगडाची. खाण्याचे हाल नाहीत. गरम फलाफल, काबुली चण्याच्या चटणीसारखं हमस, तिळाची रोटी. शाकाहारी माणूस आनंदानं राहील. आण्णा माळकरी नाहीत, पण परमुलखात त्यांनी स्वतःहून शाकाहार धरला. बरोबर ठेच्याची बरणी आणली होती. तिसऱ्या घासाला हमसमध्ये ठेचा कालवून त्यांनी माझ्या ताटलीत वाढला. पाककृती देत नाही. हमस घ्या, ठेचा घ्या.

निनाद हॉलमध्ये झोपत होता. “पाठ दुखते, गादी कडक लागते,” म्हणाला. मी त्याला भुजंगासन सुचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “इवाई, फ्रिजमधी दुधाच्या दोन पिशव्या हायत.”

“दूध लागतं घरात.”

“दोन्ही फोडल्याल्या हायत. एकीवर पोरीनं नाव टाकलंय.”

मी म्हटलं, आजकालची मुलं व्यवस्थित असतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं निनादच्या गाडीनं पूर्वेला निघालो. अम्मान ते अझ्रक शंभरेक किलोमीटर. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काहीही नाही, आणि हे काहीही नाही फार व्यवस्थित पसरलेलं. अझ्रकला काळ्या दगडाचा जुना किल्ला आहे. त्याला दगडाचंच दार आहे, अखंड, बिजागरीसुद्धा दगडातच. आण्णांनी दारावर बोटांनी टकटक केलं.

“ह्यो तर आपलाच काळा दगड.”

“बसाल्ट. हो, तोच.”

“मंग हितं कशाला आलो?”

हा प्रश्न हिनंही विचारला होता. पुणे उभंच आहे काळ्या दगडावर. तो बघायला समुद्र ओलांडून जाणं म्हणजे तूरडाळ विकत घ्यायला परदेशी जाण्यासारखं, असं काहीतरी ती म्हणाली होती. मी आण्णांना म्हटलं, “आपल्या दगडावर कोणी आपलं नाव लिहीत नाही.” आण्णा म्हणाले, “सिंहगडावर जाऊन बगा.”

अझ्रकला एका साध्या विश्रामगृहात मुक्काम होता. संध्याकाळी सात वाजता अंगणात जेवलो. मसूर-भाताची रास, वर तळलेला कांदा, बाजूला दही. ताटल्या उचलल्या गेल्या, चहा आला, आणि शीतल म्हणाली, “आण्णा, बाबा, आम्हाला सांगायचंय काहीतरी.”

आण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते मी पाहिलं. माझ्याही मनात तेच आलं होतं. आम्ही दोघंही आजोबा व्हायला तयार होऊन बसलो.

“आम्ही वेगळे होतोय,” शीतल म्हणाली.

निनाद टेबलाकडे बघत होता. “भांडण नाही झालेलं. मला कॅनडाला जायचंय, हिला पुण्याला परत. दोन वर्षं आम्ही एकमेकांना समजावत होतो. आता कोणीच समजावत नाही.”

मी विचारलं, “तुझ्या आईला सांगितलंस?”

निनादनं शीतलकडे पाहिलं. मग शीतल म्हणाली, “आईंना माहितीये. माझ्या आईलाही. जानेवारीपासून. त्या म्हणाल्या, बापांना समोर बसवून सांगा, फोनवर नको.”

गुडघा आणि कुरडया मला तेव्हा समजल्या.

आण्णा हात धुवायला उठले. हात धुवायला माणसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ नळाचा आवाज येत राहिला. वाळवंटात पाणी वाया घालवू नका असं तिथे लिहिलेलं होतं. 

सकाळी सहाला वाटाड्या येणार होता. आधीच ठरवलेला, अबू फारिस नावाचा, पन्नाशीचा, त्याच भागातला बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांपैकी. (गाडी आणि माणूस मिळून दिवसाचे ऐंशी दिनार, स्वतःच्या गाडीनं जायचा विचारही करू नका, दगड टायर खातात.) शीतल सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आली आणि म्हणाली, “आपण रद्द करूया का?”

आण्णा बूट बांधत होते. “त्या मानसाला बोलावलंय न्हवं? मंग जायाचं. तुमी दोघं ऱ्हावा हितंच.”

अशा रीतीनं मी आयुष्यातल्या पहिल्या सफाईतिक लेखाकडे निघालो, ते रात्रभर न झोपलेल्या व्याह्यांबरोबर. आता व्याही म्हणावं की नाही हाही प्रश्न होताच. मुलांचं लग्न मोडलं तर बापांनी एकमेकांना काय म्हणायचं, याला मराठीत शब्द नाही. मी शब्दकोश तपासणाऱ्यांपैकी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

अबू फारिसला इंग्रजीतले तीन शब्द येत होते: स्टोन, गुड, नो प्रॉब्लेम. आण्णांना दोन. गाडीत पुढे ते दोघं बसले आणि तासभर छान गप्पा मारत होते. मला इंग्रजी बऱ्यापैकी येत असल्यामुळे मला बोलायला कोणी नव्हतं.

तिकडे माणसाला मुलाच्या नावानं ओळखतात, अबू म्हणजे बाप. त्यानं आण्णांच्या छातीकडे बोट केलं, “अबू?”

“शीतल,” आण्णा म्हणाले.

माझ्याकडे आरशातून बघून, “अबू?”

“निनाद.”

मग त्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बोट दाखवून भुवया उंचावल्या. तुम्ही एकमेकांचे कोण? आण्णांनी उजव्या हाताची तर्जनी दाखवली, “शीतल.” डाव्या हाताची, “निनाद.” दोन्ही बोटं जवळ आणून टेकवली. ती वेगळी करून दाखवावीत की नाही, या विचारात ते तशीच बोटं धरून बसले.

अबू फारिसचा चेहरा उजळला. “आह! नसीब! नसीब!”

आण्णांनी बोटं खाली घेतली. मागे वळून मला म्हणाले, “नशीब म्हनतोय.”

मी खिडकीबाहेर बघितलं. परत आल्यावर शीतलनं सांगितलं की लग्नामुळे जोडल्या गेलेल्या नातेवाइकाला अरबीत नसीब म्हणतात. आपलं नशीब ज्या शब्दावरून आलं त्यातला ‘स’ वेगळा. पण त्या सकाळी आम्हाला एकच अर्थ ठाऊक होता आणि तो बसत होता.

सफावी नावाचं रस्त्याकडेचं गाव मागे टाकलं, डांबरी सोडली, आणि काळ्या दगडांचा मुलूख सुरू झाला. वाळवंट म्हणजे वाळू, ही आपली समजूत. इथे वाळू नाही. नारळाएवढे, कलिंगडाएवढे काळे दगड, एकमेकांना खेटून, नजर पोचेल तिथवर. आण्णा उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“हजार डंपर रिकामे केल्यात आन् बिल न देता पळालाय कुनीतरी.”

पहिला लेख अबू फारिसनं दाखवला. बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावर होता आणि मला दिसला नव्हता. काळ्या दगडावर करड्या, काडीएवढ्या रेघा. मी गुडघ्यांवर बसलो. दोन उन्हाळे गॅलरीत ज्या अक्षरांबरोबर काढले ती माझ्यासमोर होती, वाकडीतिकडी, एका दगडावर खालून वर, दुसऱ्यावर गोल फिरून पुन्हा स्वतःलाच भेटणारी. या लिपीत दिशेचा नियम नाही. माझ्या व्यवसायाच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. सूचना: दगडाला हात लावू नका, पाणी टाकू नका, फोटो नीट यावा म्हणून खडूनं तर मुळीच गिरवू नका. सकाळी आठच्या आत पोचा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात.

तासाभरात मला चार लेख सापडले. आण्णा मात्र दगड बघतच नव्हते. ते लांब पसरलेल्या कोरड्या ओढ्याकडे बघत होते, मग वाऱ्याकडे तोंड केलं, मग एका उंचवट्याकडे निघाले. मी हाक मारली, “अहो, तिकडे काही नाही!”

“हाय. या तर.”

उंचवट्याच्या पलीकडच्या अंगाला, वारा अडतो अशा ठिकाणी, दगडच दगड आणि प्रत्येकावर अक्षरं. वीस, तीस, मी मोजणं सोडलं. उंट, घोडा, हातात धनुष्य घेतलेला माणूस. अबू फारिसनं टाळी वाजवली. मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“सात वर्सं शेळ्या राखल्यात मी, आमच्या डोंगरावर. हितं बसलं की समदी जनावरं दिसत्यात, वढा दिसतोय, वारं लागत न्हाई. मी हितंच बसलो असतो.” ते तिथे बसले. “बसल्या बसल्या दुसरं काय करनार मानूस.”

मी आनंदात होतो. माणूस आनंदात असला की त्याच्या तोंडून जे येतं त्याचं मुद्रितशोधन होत नाही. मी दगडावर वाकलेला असतानाच म्हणालो, “खरं म्हणजे शीतलनं थोडं जमवून घ्यायला हवं होतं.”

आण्णांनी बसल्या जागी मान वळवली. “काय म्हनलात?”

“नाही, म्हणजे संसार म्हटला की...”

“इवाई, सख्खा भाऊ चार वर्सं माज्याशी बोलत न्हाई. बांधाला बांध हाय, त्वांड बगत न्हाई. का? पोरगी तुमच्यात दिली म्हनून. भावकीनं सांगितलं, टिकनार न्हाई, ती मानसं येगळी. मी म्हनलं, मानसं चांगली हायत. आता मी काय त्वांडानं जाऊ गावात?”

“आण्णा, मला काय माहीत...”

“तुमाला काय बी म्हाईत नसतंय. लग्नाची पत्रिका दिली तुमाला. पयली पत्रिका, देवाच्या आदी तुमाला. तुमी काय केलं? लाल पेनानं गोल करून परत धाडली. सतरा गोल.”

मी उभा राहिलो. ती पत्रिका मला आठवत होती. ‘आशिर्वाद’ला पहिली वेलांटी होती, ‘शुभार्शिवाद’ वेगळाच होता. मी उपकाराच्या भावनेनं केलं होतं ते. पत्रिका अजून वाटायच्या आहेत, दुरुस्ती होईल, असं वाटलं होतं.

“पोरीच्या आईनं ती पत्रिका ठिवलीय कपाटात,” आण्णा म्हणाले. “मला म्हनली, बगा, आपुन कुटं पोरगी देतोय.”

मी तिथून निघून गेलो. वाळवंटात निघून जाण्याचा तोटा असा की जायला कुठे जागाच नसते. दीडशे पावलांवर एका दगडाजवळ थांबलो. त्यावर लांब लेख होता आणि त्याच्या शेवटी ओळखीचा शाप: जो हा लेख पुसेल, त्याला अंधत्व येवो. असे शाप या लेखांत पुष्कळ असतात. आपल्याकडे गधेगाळ नावाच्या दगडांवर असतो तसा. आपला गाढवाचा शाप इतका अचकट असतो की तो दगडावर कोरता येतो, इथे लिहिता येत नाही. मी चष्मा काढला, बाजूच्या दगडावर ठेवला, डोळे पुसले. घाम होता. मग जरा टेकावं म्हणून खाली बसलो, आणि चष्मा ज्या दगडावर ठेवला होता, तो हाच दगड होता.

लेख मी पुसला नव्हता, हे नोंदवून ठेवतो. एक काच दगडांच्या फटीत गेली, दुसरीचे तीन तुकडे झाले. दुसरा चष्मा अझ्रकला होता, सुरक्षित. चष्म्याशिवाय मला माझा हातही अंदाजानंच दिसतो. सभोवार एकसारखा काळा रंग पसरला. कुठून आलो होतो ते कळेना. दोन पावलं टाकली तर पाय मुरगळला. मी हाक मारायला तोंड उघडलं. काय म्हणून मारावी या विचारात थोडा वेळ गेला, कारण नातं स्पष्ट नव्हतं. शेवटी नुसतंच “अहो!” असं ओरडलो.

दगडांवरून बुटांचा आवाज आला. “कुटं लागलंय?”

“चष्म्याला.”

आण्णांनी मला दंडाला धरून सावलीच्या अंगाला आणून बसवलं. पाण्याची बाटली दिली. अबू फारिसनं काटक्या पेटवून चहा ठेवला. धुराबरोबर कसल्याशा रानपाल्याचा वास येत होता. चहा इतका गोड होता की आण्णांनी पहिल्यांदाच कशाची तरी मनापासून स्तुती केली.

“ती पत्रिका,” मी म्हणालो. “चूक माझी.”

“सतरा चुका,” आण्णा म्हणाले. “तुमची एकच. पर मोठी.”

मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “पोरीनं बी मला जानेवारीत सांगायला पायजे व्हतं. मी काय खाल्ली असती का तिला?”

“मलाही कोणी सांगितलं नाही.”

“तुमाला दुधाच्या पिशव्या दिसल्या न्हाईत, तुमाला काय सांगायचं.”

निघायला दोन तास होते आणि मी आंधळा होतो. एवढ्या लांब येऊन चार लेख वाचले होते. आण्णांना ते कळलं असावं. त्यांनी माझी वही मांडीवर घेतली, पेन उघडलं. “आमी सांगतो कसं दिसतंय ते. तुमी वाचा.”

“तुम्हाला ही अक्षरं कुठे येतात?”

“चित्र तर काडता येतंय! बोला. पयली एक उभी काठी.”

“ल. म्हणजे अमक्याचा. लिहिणाऱ्याचा.”

“मंग एक गोल, मदोमद रेघ.”

“व.”

“बारका गोल. मंग परत काठी.”

व, मग तो घशातून काढायचा अ, मग ल. वअल. स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे वाइल असेल, वअल असेल. “नाव आहे त्याचं,” मी म्हणालो.

“मंग एक वाटी, आन् तिच्याम्होरं बारकी रेघ.”

“बन. म्हणजे मुलगा. आता बापाचं नाव येईल.”

नाव आलं. पुन्हा वाटी-रेघ, आजोबा. पुन्हा वाटी-रेघ, पणजोबा. चौथ्या वेळी आण्णा स्वतःच म्हणाले, “आला ह्यो परत. मुलगा.” ते दगडाला हात न लावता, नाक टेकेल इतके वाकून बघत होते. मी डोळे मिटून ऐकत होतो. उघडून उपयोग नव्हता. पाऊण तास लागला. शेवटी मी सलग सांगितलं: वअल, अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, त्यानं इथे शेळ्या चारल्या. आणि त्यानं शोक केला, पुढे एक नाव.

“त्यो कोन व्हता त्याचा?” आण्णांनी विचारलं.

“लिहिलं नाही. सहसा लिहितात. भाऊ, मामा, चुलता. इथे नुसतंच नाव आहे.”

“बगा नीट. ऱ्हायलं आसंल.”

“तुम्हीच बघा. मला दिसत नाही.”

आण्णांनी दगडाभोवती फेरी मारली. “संपलंय. म्होरं काय न्हाई.” मग परत खाली बसून, “म्हंजी नातं न्हाई, तरी रडला.”

“शोक केला. रडला असं नाही म्हणता येणार.”

“तेच ते हो.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी दुरुस्ती मागे घेतली.

अझ्रकला परतलो तेव्हा मुलं अंगणातच बसली होती, बहुतेक सकाळपासून. आण्णा शीतलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “जेवली का?” ती रडायला लागली. निनादनं मला विचारलं, “बाबा, चष्मा?” मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे. मग तो म्हणाला, “रागावलात?” मी म्हटलं, कॅनडात थंडी फार असते, कपडे नीट घे. माझ्या मानानं मी बरंच बोललो. तो मला घट्ट धरून उभा राहिला, त्याच्या लहानपणानंतर पहिल्यांदाच.

पुण्यात आलो. ही दार उघडून उभी होती.

“कळलं?”

“कळलं.”

“चहा ठेवते.”

काय उरलं, असं विचाराल तर वहीतली अकरा पानं उरली. आण्णांच्या हातचे काठ्या, वाट्या आणि गोल. अक्षरतज्ज्ञ हसतील, पण मला ती सगळी वाचता येतात. फोटो एकही धड नाही. पेट्रा नावाचं जगप्रसिद्ध ठिकाण आम्ही पाहिलं नाही. लोक विचारतात आणि गप्प होतात. पाय तीन आठवड्यांनी बरा झाला. आण्णांचा भाऊ अजून बोलत नाही. मुलांचे कागद रीतसर चालू आहेत. कोणीही दुष्ट नाही, त्यामुळे रागवायला जागा नाही, याचा त्रास मला अपेक्षेपेक्षा जास्त झाला.

जुलैत शीतल पुण्याला परत आली. एका रविवारी तिचा फोन आला, लग्नात तुम्ही घातलेले दागिने द्यायला येते. ही म्हणाली, दागिने राहू देत, जेवायला ये. ती आली, डबा टेबलावर ठेवला, दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी गॅलरीतून खाली पाहिलं. फाटकासमोर आण्णांची गाडी होती, नेमकी गाडी लावू नये असं लिहिलेल्या पाटीखाली, आणि आत आण्णा सरळ समोर बघत बसले होते. मी खाली गेलो. काच वाजवली. त्यांनी ती अर्धी खाली केली.

“पोरीला सोडायला आलो व्हतो.”

“मग वर चला.”

“न्हाई, ऱ्हाऊ द्या.” ते स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिले. “आता कुटल्या नात्यानं येऊ?”

मी म्हटलं, “जिन्यानं या. लिफ्ट बंद आहे.”